डावलले गेलेले प्राध्यापक : डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर

गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. आपल्याकडे त्या दिवशी ऋषीची भाजी होते, नांगरटीचे धान्य टाळले जाते आणि सप्तर्षींची पूजा मांडली जाते. १९२५ साली ऋषिपंचमी २४ ऑगस्टला आली होती. त्याच दिवशी पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर वारले. वय ८८ वर्षे. जन्मभर जुन्या ग्रंथांच्या संगतीत राहिलेल्या माणसाला ऋषींच्या पूजेचाच दिवस लाभला.

भांडारकर म्हटले की आपल्याला पुण्याची संस्था आठवते, महाभारताची संशोधित आवृत्ती आठवते, फार तर शाळेच्या पुस्तकातला पगडीवाला फोटो आठवतो. त्यांच्या नावामागे डॉक्टर लागले, सर लागले, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपदही त्यांनी भूषवले. एवढ्या मोठ्या माणसाला आयुष्यात कोणी अडवले असेल, असे सहसा मनात येत नाही. पण हेच भांडारकर ऐन पस्तिशीत बढतीत डावलले गेलेले एक सरकारी नोकर होते. ज्या खुर्चीवर ते सुमारे चार वर्षे हंगामी म्हणून बसले, ती कायम करण्याची वेळ आली तेव्हा दुसऱ्याला दिली गेली. पुढची नऊ वर्षे त्यांनी त्याच कॉलेजात दुय्यम पदावर काढली. यंदाच्या स्मरणिकेत आम्ही लिहितो आहोत ते त्या नऊ वर्षांविषयी.

हा विषय निवडण्याचे कारण वाचकांना वेगळे सांगायला नको. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतल्या आपल्या मराठी घरांत डोकावले तर घरटी एक तरी माणूस सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत आहे. कोणी शाळेत, कोणी महसुलात, कोणी बांधकाम खात्यात, कोणी वीज मंडळात, कोणी परिवहनात. अशा घरांत ज्येष्ठता यादी हा शब्द पंचांगाइतकाच ओळखीचा असतो. यादी निघते, हरकती येतात, बढती समितीची बैठक पुढे ढकलली जाते, आणि शेवटी आदेश निघतो तेव्हा त्यात आपले नाव नसते. आमच्यासारख्या डिप्लोमा करून लागलेल्यांना हा अनुभव जरा जास्तच. ज्याला आम्ही टेबलावर बसवून फाईल कशी चालवायची ते शिकवले, तोच उद्या साहेब म्हणून समोर येतो. ३७१ (जे) आल्यापासून स्थानिक कोणता आणि इतर कोणता, याद्या किती आणि कोणाचा क्रमांक कुठे, याचीही चर्चा दर चहाच्या कपाबरोबर होते. त्या दिवशी घरी गेल्यावर बायकोला काय सांगायचे, हा प्रश्न ज्याला पडला आहे त्यालाच या लेखाचा विषय खरा कळेल.

कारकुनाचा मुलगा

रामकृष्णपंतांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवणात झाला. घराण्याचे मूळ आडनाव पत्की. पूर्वजांपैकी कोणी खजिन्याचे, म्हणजे भांडाराचे काम पाहत, म्हणून भांडारकर हे नाव पडले. वडील सरकारी कचेरीत कारकून. त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि मुलाला इंग्रजी शाळेची वाट मोकळी झाली. वडिलांच्या बदलीने मुलाचे शिक्षण बिघडल्याच्या गोष्टी आपण ऐकतो, इथे ते घडले. १८५३ साली मुलगा मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाला. त्या काळी तिथे दादाभाई नौरोजी गणित शिकवीत.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि मॅट्रिकची पहिली परीक्षा १८५९ साली झाली. त्या पहिल्या तुकडीत भांडारकर होते आणि महादेव गोविंद रानडेही होते. दोघे १८६२ साली बी. ए. झाले. विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत या दोघांची नावे शेजारी शेजारी आहेत. रानड्यांचा विषय पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून हे लक्षात असू द्यावे.

आज ज्यांना आपण संस्कृतचे महापंडित म्हणतो, ते लहानपणापासून पाठशाळेत घोकत बसलेले नव्हते. विशीत असताना, दक्षिणा फेलो म्हणून काम करताना, त्यांनी पुण्यात शास्त्रीबोवांजवळ बसून व्याकरण आणि न्याय यांचा अभ्यास केला. मराठी माध्यमातून शिकून नोकरीत आल्यावर कन्नडची परीक्षा दिलेले अनेक जण आपल्यात आहेत. वय वाढल्यावर, घरदार सांभाळून, नवी भाषा मुळापासून शिकणे काय असते ते त्यांना विचारावे.

१८६३ साली एम. ए. झाल्यावर पुढच्या वर्षी भांडारकर हैदराबादच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक झाले. हे आपले निजामाचे हैदराबाद नव्हे, सिंधमधले. तिथून १८६५ साली ते रत्नागिरीच्या हायस्कुलात आले. स्वतः मोठेपणी शिकल्यामुळे विद्यार्थी कुठे अडखळतो हे त्यांना नेमके ठाऊक होते. त्यातून संस्कृतची पहिली आणि दुसरी पुस्तके तयार झाली, मार्गोपदेशिका आणि संस्कृतमंदिरान्तःप्रवेशिका. पहिले १८६४ साली निघाले, दुसरे १८६८ साली. नियम थोडक्यात, लगेच उदाहरणे, लगेच भाषांतराचा सराव, अशी त्यांची मांडणी. आपल्या आजोबांच्या पिढीने संस्कृत शिकले ते बहुधा या पुस्तकांवरून किंवा यांच्या वळणावर लिहिलेल्या दुसऱ्या पुस्तकांवरून.

हंगामी खुर्ची

एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत आणि पौर्वात्य भाषांची खुर्ची डॉ. ब्यूलर या जर्मन पंडिताकडे होती. १८६८ च्या सुमारास ब्यूलर शिक्षण निरीक्षक होऊन गुजरातेत गेले. त्यांच्या जागी भांडारकरांना हंगामी प्राध्यापक नेमले गेले. आपल्या कचेरीच्या भाषेत सांगायचे तर प्रभारी. काम सगळे, जबाबदारी सगळी, पण जागा आपली नाही.

प्रभारी माणूस दोन प्रकारे काम करतो. एक, आज ना उद्या दुसरा येणार म्हणून दिवस ढकलतो. दुसरा, जागा आपलीच आहे असे समजून काम करतो. भांडारकरांनी दुसरा प्रकार निवडला. याच काळात, १८७२ साली, त्यांनी पतंजलीच्या काळाविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. महाभाष्यकार पतंजली नेमका कधी झाला यावर युरोपातले पंडित वाद घालीत होते. भांडारकरांनी पुरावा शोधला तो व्याकरणाच्या उदाहरणांतच. पतंजलीने एका ठिकाणी वर्तमानकाळाचे उदाहरण देताना पुष्यमित्र राजाच्या यज्ञाचा उल्लेख केला आहे. दुसऱ्या ठिकाणी, नुकत्याच घडलेल्या आणि बोलणाऱ्याला पाहता आली असती अशा घटनेसाठी कोणते क्रियापद वापरावे हे सांगताना त्याने यवनांनी साकेत नगराला घातलेल्या वेढ्याचे उदाहरण दिले आहे. ज्या अर्थी उदाहरण चालू काळाचे आहे, त्या अर्थी लिहिणारा त्या काळातलाच असला पाहिजे. म्हणजे पतंजली ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला. एखाद्या जुन्या फाईलवरच्या शेऱ्यातून तारीख काढावी तसे हे काम होते, आणि त्याची दखल युरोपातल्या विद्वानांनाही घ्यावी लागली.

इतके झाल्यावर ती खुर्ची त्यांचीच होणार असे कोणालाही वाटले असते. पण १८७३ च्या आरंभी विलायतेहून पीटर पीटरसन नावाचे गृहस्थ नेमणूक होऊन आले आणि एल्फिन्स्टनचे संस्कृतचे प्राध्यापक झाले. ते एडिंबरोचे, ऑक्सफर्डला शिकलेले, आणि भांडारकरांपेक्षा दहा वर्षांनी लहान. वरच्या श्रेणीतल्या जागा त्या काळी बहुतेक विलायतेहून येणाऱ्यांसाठीच असत. एतद्देशीय माणसाने कितीही काम केले तरी त्याची पायरी ठरलेली होती. भांडारकर साहाय्यक प्राध्यापक झाले. कॉलेज तेच, विद्यार्थी तेच, विषय तोच. खुर्चीवर मात्र दुसरा माणूस.

इथे थोडे थांबावे असे आम्हाला वाटते. या प्रसंगाला अन्याय म्हणायला कचरू नये. पुष्कळ वेळा थोरांच्या चरित्रांत असे प्रसंग दोन ओळींत उरकले जातात, जणू काही त्यांना त्याचे काही वाटलेच नाही. पस्तीस वर्षांचा, पदरी संसार असलेला, स्वतःच्या विषयात नाव मिळवलेला माणूस रोज त्याच जिन्यावरून चढून त्याच वर्गात जातो आणि आता तो दुय्यम असतो, याची सल लागली नसेल असे कसे म्हणावे? ती त्याने कशी सोसली हे आपण पाहू शकत नाही. तिचे त्याने काय केले, ते मात्र पाहू शकतो, कारण त्याचे कागद शिल्लक आहेत.

नऊ वर्षांचा हिशेब

१८७४ साली लंडनला प्राच्यविद्या परिषद भरली. भांडारकर तिथे गेले नाहीत, पण त्यांनी नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांवर निबंध पाठवला. सातवाहन राजांच्या इतिहासाची जुळणी करणारा तो निबंध होता. १८७६ साली भवभूतीच्या मालतीमाधव नाटकाची त्यांची आवृत्ती निघाली. अनेक हस्तलिखिते समोर ठेवून, कोणता पाठ खरा कोणता मागाहून घुसलेला हे तपासून ती तयार केलेली होती. १८७७ साली त्यांनी विल्सन व्याख्यानमालेत सात व्याख्याने दिली. संस्कृतपासून पाली, प्राकृत आणि अपभ्रंश यांच्या वाटेने मराठी, हिंदी, गुजराती या भाषा कशा घडल्या, हा त्यांचा विषय. हस्त शब्दाचा हत्थ झाला आणि हत्थचा हात, सप्तचा सत्त आणि सत्तचा सात, कर्मचा कम्म आणि कम्मचे काम, हे आज शाळेतला मुलगाही सांगतो. पण हे बदल लहरीने होत नाहीत, त्यांना नियम आहेत, हे आपल्या देशातल्या माणसाने आपल्या भाषांबद्दल सलगपणे मांडण्याचे ते सुरुवातीचे दिवस होते. पुढे १८८० च्या आगेमागे मुंबई इलाख्यातल्या संस्कृत हस्तलिखितांच्या शोधाचे कामही त्यांच्याकडे आले. गावोगावच्या वाड्यांत, मठांत, जैन भांडारांत पडून असलेल्या पोथ्या पाहायच्या, मिळतील त्या सरकारसाठी घ्यायच्या, आणि त्यांचा अहवाल लिहायचा.

आता या कामांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे. यातल्या बहुतेक कामाला ती खुर्ची लागत नव्हती. शिलालेख वाचायला प्राध्यापकाची सनद नको होती. मालतीमाधवाचे पाठ तपासायला बढतीचा आदेश नको होता. सरकारने त्यांच्यापासून पद काढून घेतले, वरचा पगार अडवला, मान अडवला. काम मात्र अडवता आले नाही. आम्हाला या साऱ्या चरित्रातली मुख्य गोष्ट वाटते ती हीच. बढती नाकारली गेली की आपण समजतो सगळेच नाकारले गेले. खरे तर कोणत्याही नोकरीत दोन गोष्टी एकत्र गुंतलेल्या असतात, एक हुद्दा आणि एक हुन्नर. हुद्दा देणे न देणे दुसऱ्याच्या हाती असते. हुन्नर वाढवणे आपल्या हाती राहते. भांडारकरांनी या दोहोंची गाठ सोडवली.

दुसरी गोष्ट पीटरसनसाहेबांची. डावलल्या गेलेल्या माणसाचा राग पहिल्यांदा कोणावर जातो? नियम करणारा बंगळुरात असतो, आपल्याला दिसत नाही. दिसतो तो आपल्या जागेवर बसलेला सहकारी. मग त्याच्याशी बोलणे बंद, त्याच्या फाईली अडवणे सुरू, त्याच्या चुका मोजणे सुरू. पीटरसन काही आळशी किंवा नालायक गृहस्थ नव्हते. पुढे हस्तलिखितांच्या शोधात त्यांनीही मोठे काम केले, त्यांचे अहवाल अभ्यासक आजही उघडतात, आणि १८९९ साली ते मुंबईतच वारले. ज्या माणसाला भांडारकरांची जागा मिळाली, तोच पुढे हस्तलिखितांच्या शोधात त्यांच्या जोडीने काम करणारा ठरला. दोघांच्या हातून आलेल्या पोथ्या आज पुण्यात एकाच छपराखाली आहेत. नियम चुकीचा होता, पण त्या नियमाचा लाभ मिळालेला प्रत्येक माणूस शत्रू नव्हता. हा फरक करता आला तर कचेरीतले निम्मे विष कमी होईल.

आपल्या मातीचा इतिहास

१८८२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक डॉ. कीलहॉर्न जर्मनीला गटिंगेन विद्यापीठात गेले, आणि त्यांच्या जागी भांडारकर आले. त्या वेळी ते पंचेचाळिशीत होते. १८६८ पासून मोजले तर कायम प्राध्यापक व्हायला चौदा वर्षे लागली.

पुढच्या दोन वर्षांत त्यांच्या हातून जो ग्रंथ झाला, त्याच्याशी आपला, म्हणजे या दोन जिल्ह्यांत राहणाऱ्यांचा, थेट संबंध आहे. मुंबई सरकारच्या गॅझेटियरसाठी त्यांनी १८८४ साली दक्षिणेचा प्राचीन इतिहास लिहिला. त्यापूर्वी दख्खनचा जुना इतिहास म्हणजे दंतकथा, वंशावळ्या आणि तुटक ताम्रपट. कोणता राजा कोणाच्या आधी, राजधानी कुठे, वंश कसा बदलला, हे सलग वाचायला मिळत नव्हते. भांडारकरांनी ताम्रपट, शिलालेख, पुराणे आणि काव्ये एकत्र तपासून सातवाहनांपासून देवगिरीच्या यादवांपर्यंतची साखळी लावली.

त्या साखळीतल्या दोन मोठ्या कड्या आपल्या अंगणात आहेत. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे सेडम तालुक्यातले, कागिणा नदीकाठचे मळखेड. अमोघवर्षाचे दीर्घ राज्य इथून चालले. उत्तर चालुक्यांची राजधानी कल्याण म्हणजे आपले बसवकल्याण. सहावा विक्रमादित्य १०७६ साली तिथे गादीवर आला आणि सुमारे पन्नास वर्षे राज्य करता झाला. त्याच्या दरबारात काश्मीरहून आलेला बिल्हण कवी होता. त्याच्याच राज्यात विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली, जिच्या आधाराने हिंदू कुटुंबांच्या वाटण्या शतकानुशतके झाल्या. तलाठ्यापासून वकिलापर्यंत सगळे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा जन्मतःच हक्क म्हणतात, त्या विचाराचे मोठे शास्त्र आपल्या बसवकल्याणात लिहिले गेले. पुढे कलचुरी बिज्जळ आणि महात्मा बसवेश्वर यांचा काळ येतो, त्याचाही भाग या ग्रंथात आहे.

यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. बिल्हणाने विक्रमादित्यावर लिहिलेले काव्य शेकडो वर्षे जवळजवळ विसरले गेले होते. त्याची पोथी ब्यूलरना १८७४ साली राजस्थानात जैसलमेरच्या जैन भांडारात मिळाली. म्हणजे कल्याणच्या राजाची हकिकत वाळवंटातल्या एका तळघरात वाट पाहत होती. पोथ्या शोधण्याचे ज्या कामाला कोणी बढती म्हणणार नाही, त्या धुळीच्या कामातून आपल्या गावाचा इतिहास परत आला. भांडारकर हे काम का धरून बसले, याचे उत्तर यात मिळते.

१८८५ साली गटिंगेन विद्यापीठाने भांडारकरांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. ज्या कीलहॉर्नच्या जागी ते आले, त्यांचेच ते विद्यापीठ. १८८६ साली ते व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला गेले. १८९३ साली निवृत्त झाले आणि न्यायमूर्ती तेलंगांच्या मृत्यूनंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९११ साली सर ही पदवी आली. प्रार्थना समाजाचे ते आधारस्तंभ होते, आणि समाजात टीका होत असताही त्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह केला. १९१३ साली, वयाच्या ७६ व्या वर्षी, वैष्णव आणि शैव पंथांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात आपले नामदेव, तुकाराम आहेत आणि वीरशैवांवरचे प्रकरणही आहे. आपल्या भागात सकाळी हरिपाठ आणि शेजारच्या घरात वचने ऐकू येतात, त्या दोन्हींचा विचार त्यांनी एका ग्रंथात केला. १९१७ साली त्यांच्या ८० व्या वाढदिवशी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले, आणि पुढच्या वर्षी सरकारने डेक्कन कॉलेजातला हस्तलिखितांचा संग्रह तिथे सोपवला. ज्या पोथ्या त्यांनी आणि इतरांनी गावोगाव हिंडून गोळा केल्या, त्या त्यांच्याच नावाच्या घरात आल्या.

ही गोष्ट कशी वाचू नये

इतके वाचून कोणी म्हणेल, बघा, शेवटी सगळे मिळाले, म्हणून गप्प बसून काम करावे. असा अर्थ काढू नये. १८८२ ची नेमणूक आली नसती तरी नाशिकच्या लेण्यांवरचा निबंध तितकाच खरा राहिला असता. त्या नऊ वर्षांची किंमत पुढच्या पदावर ठरत नाही. आणि अन्याय करणाऱ्याने ही गोष्ट कनिष्ठांना सांगून त्यांची तोंडे बंद करू नयेत. भांडारकरांच्या काळी एतद्देशीय माणसाला दाद मागायला फारशी जागा नव्हती. आज आहे. यादीचा मसुदा निघतो तेव्हा हरकतीची मुदत असते. सेवापुस्तकातली नोंद तपासावी, लेखी हरकत वेळेत द्यावी, पोच घ्यावी, गरज पडली तर न्यायाधिकरणाकडे जावे. त्यात कमीपणा नाही. बंगालचे जगदीशचंद्र बोस यांना १८८५ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात युरोपियनांपेक्षा कमी पगार देऊ केला, तेव्हा त्यांनी तीन वर्षे पगारच घेतला नाही आणि शिकवणे चालू ठेवले. शेवटी सरकारला पूर्ण पगार थकबाकीसह द्यावा लागला. भांडणाचीही अशी रीत असते, ज्यात वर्ग बुडत नाही. आमच्या मते हक्काचा अर्ज एका हाताने द्यावा आणि दुसरा हात कामावरून काढू नये.

भांडारकरांचे सोबती रानडे यांच्याकडेही पाहावे. सार्वजनिक कामामुळे सरकारची त्यांच्यावर वक्रदृष्टी होती. काशिनाथ त्र्यंबक तेलंग त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, पण मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश तेलंग १८८९ साली झाले आणि रानडे १८९३ साली, तेही तेलंगांच्या निधनानंतर. इतर कोणी असता तर तेलंगांचे नाव काढले की चेहरा बदलला असता. रानड्यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचा आपला ग्रंथ १९०० साली छापला, तेव्हा मराठी बखरींवरचा तेलंगांचा निबंध त्यात सोबत जोडला. आपल्या पुढे गेलेल्या, आणि आता हयात नसलेल्या, धाकट्या मित्राला त्यांनी आपल्या पुस्तकात जागा करून दिली.

आपल्या मंडळात येणाऱ्या अनेकांची यंदाही यादीत वर्णी लागली नसेल. त्यांना उपदेश करण्याइतके आम्ही मोठे नाही, त्याच रांगेत उभे आहोत. एवढेच सुचवतो की त्या आदेशाची प्रत कपाटात ठेवून द्यावी, हरकत द्यायची ती द्यावी, आणि जे काम बढती न मिळताही आपल्याला करता येते, असे एक काम मनाशी ठरवावे. कोणी खात्याची राहिलेली परीक्षा द्यावी. कोणी नव्या मुलांना हाताखाली धरून तयार करावे. ज्याला आवड आहे त्याने आपल्या गावच्या देवळातला, वेशीतला, बारवेतला जुना दगड वाचून घ्यावा, निदान त्याचा स्वच्छ फोटो काढून जाणत्या माणसाला दाखवावा. औराद, भालकी, हुमनाबाद, आळंद या भागात असे दगड आजही रानात उभे आहेत.

दसऱ्याच्या सुटीत मुलांना घेऊन बसवकल्याणचा किल्ला पाहावा, आणि जमल्यास कलबुर्गीहून सुमारे ४० किलोमीटरवरचे मळखेड पाहावे. कागिणेच्या काठी पडक्या तटाजवळ उभे राहिले की मान्यखेटच्या राजांची आठवण होतेच. मुलांना त्यांच्याबद्दल सांगताना, त्यांचा इतिहास ज्याने जुळवला त्या कारकुनाच्या मुलाचेही नाव सांगावे, आणि नऊ वर्षे तो साहाय्यक प्राध्यापकच होता हेही सांगायला विसरू नये.